दुपारचा काटा

"माणूस नसेल तर नसू दे वं पोरी. त्याची जागा रिकामी ऐकू आली पाहिजे."

सुलभाताई धांडे मला रेडिओवर हे म्हणाल्या तेव्हा मी 'हो ताई' म्हटलं. मोठी माणसं काही सांगतात तेव्हा आपण ज्या सुरात 'हो' म्हणतो, त्याच सुरात. माझ्या एका हातात लेकीच्या, मिहूच्या, खोकल्याचं औषध होतं, दुसऱ्या हातात मायक्रोफोन, आणि सासऱ्यांसाठी मागवलेला 'हजेरी'चा डबा परतवाड्याच्या आमच्या घरी येऊन पडलासुद्धा होता.

सुलभाताई अकोटच्या. तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. "रिंग जाते आन् कोणी उचलत नाही, हीसुद्धा एक बातमीच असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक ती बातमीच बंद करून रायले."

मला वाटलं, वय झालं की माणसाला नवं काहीच पटत नाही.

सौरवादळाचं तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तरी अजून लोक म्हणतात, सूर्यानं मोबाइल जाळले. तसं झालं नव्हतं. सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा लोंढा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धडकला, ते क्षेत्र हेलकावलं, आणि त्या हेलकाव्यानं जमिनीत आणि लांबच लांब वीजवाहिन्यांमध्ये नको असलेला प्रवाह खेळायला लागला. एकाच दिशेनं वाहणारा. मोठे ट्रान्सफॉर्मर असल्या प्रवाहासाठी बनवलेले नसतात. त्यांचे गाभे तापले, आतलं तेल उकळलं, आणि कित्येक कायमचे बसले. नवे बनवायला वर्षं लागतात आणि ते सगळ्या जगाला एकदम हवे होते. शहरांचा नंबर आधी लागला. परतवाड्यात दिवसातून काही तास वीज येते, तेवढा वेळ फोन लागतो. वर मेळघाटात टॉवर नुसते उभे आहेत. पावसाळ्यात वेली चढतात त्यांच्यावर.

अशा वेळी हौसेनं घरून रेडिओ चालवणारे हॅम रेडिओवाले कामी आले. कॉलेजात असताना आम्ही त्यांना 'तारवाले काका' म्हणून हसायचो. त्यांच्या रेडिओची लहर आकाशात जाते, उंचावरच्या आयनांबराच्या थराला आपटून परत खाली येते, आणि दऱ्याडोंगर ओलांडून कुठेतरी दूर ऐकू येते. मधे ना टॉवर लागतो, ना उपग्रह. लागतो एक जुना ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा सेट, झाडाला बांधलेली तार, बारा व्होल्टची बॅटरी आणि घडी घालून पिशवीत मावणारं सोलर पॅनेल. सेट जुनाच बरा, कारण तो उघडता येतो, त्यातला जळलेला भाग घरी डाग देऊन बदलता येतो. शिवाय त्याला खरा काटा असतो. समोरच्याचा सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारा, हिरव्या उजेडातला, थरथरणारा काटा.

मीही परीक्षा देऊन परवाना काढला. शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. दिनकर काळमेघ, पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले. चिखलदऱ्याच्याही पलीकडे, पठाराच्या कडेवर त्यांनी घर बांधलं होतं. आजूबाजूला दोन-तीन हॉटेलं होती. वीज गेली, पर्यटक गेले, हॉटेलवालेही कुलपं लावून उतरले. बाबा उतरले नाहीत.

"खाली येऊन काय करू? तुमच्या गॅलरीत बसून समोरच्याची वाळत घातलेली चड्डी पाहू?"

त्यांचा दिवस पॅनेलवर चालायचा. सकाळी ते अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभं करायचे. दुपारी उचलून पश्चिमेकडे फिरवायचे. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून, घडी करून घरात. "छपरावर एकदाच ठोकून टाका ना," हर्षल त्यांना म्हणाला होता. हर्षल माझा नवरा, नागपूरजवळ ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या यार्डात असतो, महिन्यातून एखाद वेळी घरी येतो. बाबा म्हणाले, "छपरावर माकडं नाचतात. आन् इथं ठेवलं की त्याच्यापायी मी तरी उठतो."

सकाळी एकदा आणि दुपारी चहाच्या वेळेला एकदा आमची नेट भरायची. नेट म्हणजे हवेतली शाळाच. सुलभाताई एकेकाचं नाव घेणार, तो ओ देणार, बरं आहे की नाही सांगणार, आणि सगळ्यांना सिग्नलचा रिपोर्ट देणार. शब्द किती स्पष्ट कळले त्याला पाचपैकी, जोर किती त्याला नऊपैकी. फाइव्ह-नाइन म्हणजे उत्तम.

आता यातली गंमत अशी, की प्रत्येक जण प्रत्येकाला फाइव्ह-नाइनच देतो. विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज येत असला तरी फाइव्ह-नाइन. लग्नात 'जेवण कसं होतं' असं यजमानानं विचारल्यावर आपण काय सांगतो, तसंच. कुणाला वाईट वाटू नये म्हणून. नवीन माणसालाही पहिल्याच दिवशी हे कळतं, आणि तो पुढे आयुष्यभर पाळतो.

एकटे बाबा पाळत नसत.

"थ्री-फोर," ते एखाद्याला सांगायचे. "तार तपास बाप्पा. आवाज म्हशीच्या पोटातून येऊन रायला."

"काळमेघसाहेब, एखाद्या दिवशी तरी गोड बोला!"

"गोड बोलायला मी काय तुझा जावई आहो?"

नेटवर हशा पिकायचा. मलाही त्यांनी कधी फाइव्ह-नाइन दिला नाही. सुनेला तर नाहीच नाही.

एका सकाळी बाबांनी ओ दिली नाही. सुलभाताईंनी पुन्हा पुन्हा नाव घेतलं. मी मिहूला कडेवर घेऊन जीप स्टँडवर धावले, एका जीपवाल्याला वर पिटाळलं. बाबा झाडावर चढून तुटलेली तार बांधत होते. जीपवाल्याच्या हाती त्यांनी निरोप पाठवला, 'सुनेला सांग, मेल्यावर मी स्वतः कळवीन.'

त्यानंतर मला झोप लागेना. हर्षलला मी फोनवर इतकं छळलं की शेवटी त्यानंच हजेरीचा शोध लावला. यार्डातल्या बऱ्याच जणांनी गावाकडच्या म्हाताऱ्यांसाठी ते घेतलं होतं.

हजेरी म्हणजे साबणाच्या वडीएवढा एक डबा. तो मायक्रोफोन आणि ट्रान्सीव्हर यांच्या मधे बसतो आणि काही आठवडे नुसता ऐकतो. माणूस कोणत्या प्रश्नाला काय उत्तर देतो, कुठे खाकरतो, कुठल्या शब्दावर हसतो. मग एखाद्या दिवशी नाव पुकारलं गेलं आणि माणूस जवळ नसला, तर हा त्याच्या आवाजात ओ देतो. टेप लावल्यासारखं तेच तेच बोलत नाही. त्या दिवशीचं ऊन, गारठा, बॅटरी यांचा अंदाज घेऊन नवीन वाक्य जुळवतो. जे बोलला ते त्याच्या बारक्या स्पीकरवर खोलीतही ऐकू येतं, म्हणजे घरच्याला कळावं आपण काय बोललो ते. डबा बसवायला हर्षल स्वतः वर गेला होता. तिथून आल्यावर कौतुकानं सांगत होता, "ऊन कमी पडलं की हा आपोआप सिग्नलचा जोर कमी करतो. बॅटरी राखतो. काही झालं तरी हजेरी चुकू देत नाही."

डबा बोलला की शेवटी एक बारीकशी पीं वाजायची, ऐकणाऱ्याला फरक कळावा म्हणून. डबा बोलायला लागला त्याच आठवड्यात बाबांनी ती बंद केली.

"मांगं येताना पीं-पीं कराले मी काय टेम्पो आहो?"

हर्षल हसला. मीही हसले. खरं तर मला बरंच वाटलं. ती पीं ऐकली की आज बाबा कुठे असतील, यातच माझा दिवस जायचा.

त्यानंतरचे महिने बरे गेले. फारच बरे. सकाळी नेटवर बाबांचा आवाज आला की मी पोळ्यांना लागायचे. मिहू मायक्रोफोनला तोंड चिकटवून 'आबा' म्हणायची आणि पलीकडून यायचं, "काय वं मिहू, जेवली का?" कधी ते बाबा असायचे, कधी डबा. सुरुवातीला मी कान देऊन ओळखायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. बाबाही हळूहळू नेटच्या वेळी परसात, कॉफीच्या झाडांत रमायला लागले. 'ते करते ना बोलणं,' असं एकदा म्हणालेही. आधी आम्ही नेट संपल्यावर दुसऱ्या वारंवारतेवर जाऊन दहा मिनिटं भांडायचो, मिहूच्या लसीवरून, माझ्या पातळ वरणावरून. ते कधी थांबलं, आठवत नाही.

माघ सरत आला होता. वर सागाची पानगळ सुरू झाली असणार. मिहूला पुन्हा खोकला होता, म्हणून मी दुपारी घरातच, सेटसमोर तिला मांडीवर घेऊन बसायचे. बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून काट्याकडे बघायचे. बाबांचा आवाज आला की काटा नेहमी आठाच्या आसपास उभा राहायचा. त्या दुपारी तो सहापर्यंत गेला आणि खाली आला. आवाज तोच, ठसठशीत. "सगळं ठीक. ऊन चांगलं आहे. बॅटरी ठीक."

दुसऱ्या दुपारी पाच. नंतर चार. सकाळच्या नेटला मात्र जवळजवळ पूर्वीसारखाच.

मी हर्षलला फोन लावला.

"बाबांशी बोलणं झालं ना आज?"

"झालं."

"काय म्हणाले?"

"ठीक म्हणाले."

"मग?"

"दुपारचा काटा उतरतोय, हर्षल."

त्याच्या मागे हातोड्यांचे आवाज येत होते. "केतकी, आयनांबर आहे ते. तासातासाला बदलतं. तूच परीक्षेला लिहून आलीस ना हे?"

"सेमाडोहच्या मास्तरांचा काटा बघितला मी. तेही त्याच दिशेला, तेवढ्याच अंतरावर. त्यांचा एक रेघ हललेला नाही."

"तू आता मास्तरांचा पण काटा बघायला लागलीस?" त्याला हसू आलं, पण थकलेलं. "मिहू शिंकली की तू न्यूमोनिया वाचून काढतेस. सागाची फांदी पॅनेलवर वाकली असेल. बाबा आहेत तिथे, बघतील."

मला त्याचा राग आला नाही. मी अशीच आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या नसीम भाभी मला 'सायरनवाली' म्हणतात. मी स्वतःलाच समजावलं, की तुझा स्वभाव तुला काटे दाखवतोय.

पण सकाळी नीट आणि दुपारी पडलेला, हे डोक्यातून जाईना. मी पोळी लाटत होते आणि लाटणं हातातच राहिलं. सकाळी नीट, दुपारी पडलेला. कुणी पॅनेल पूर्वेकडे तोंड करून ठेवलं आणि फिरवलंच नाही, तर नेमकं असंच होईल. सकाळचं ऊन मिळेल. दुपारी पॅनेलची पाठ सूर्याकडे. डबा आपला जोर कमी कमी करत हजेरी देत राहील. आणि रोज वरून पडणाऱ्या पानांनी त्यात थोडी थोडी भर पडेल.

दुपारच्या नेटला सुलभाताईंनी बाबांचं नाव घेतलं, ओ आली. मी परवानगी मागून मधे शिरले.

"बाबा, पॅनेल फिरवलं का आज?"

"फिरवलं वं. तू काळजी नको करू."

हे ते नेहमीच म्हणायचे. अगदी ह्याच शब्दांत. काटा साडेतीनवर होता.

मिहू माझ्या मांडीवरून ओरडली, "आबा!"

"काय वं मिहू, जेवली का?"

काय विचारू म्हणजे कळेल? उत्तर ज्याचं त्याचं असेल असा प्रश्न कोणता? मला काही सुचेना, म्हणून हवेत सगळेच विचारतात ते विचारलं. "बाबा, माझा रिपोर्ट द्या."

क्षणभर खरखर. मग त्यांच्याच त्या घोगऱ्या, प्रेमळ आवाजात आलं, "फाइव्ह-नाइन, केतकी. फाइव्ह-नाइन."

मी मायक्रोफोन खाली ठेवला.

तो डबा नेटवर बाकी सगळ्यांचंही ऐकत होता. बाबांकडून जे कमी ऐकायला मिळालं ते त्यानं इतरांकडून भरून घेतलं होतं. सगळे जे बोलतात तेच.

संध्याकाळ व्हायला आली होती. घाटातला रस्ता पावसाळ्यात खचलेला, अंधारात वर जायला जीपवाला तयार होईना. "बिबट्या बसते भाभी पुलावर, चेष्टा नाही," म्हणाला. हर्षलला फोन लागला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "त्यांनी मला फाइव्ह-नाइन दिला." तो लगेच म्हणाला, "मी निघतो." त्याला बाकी काही सांगावं लागलं नाही.

सकाळी मिहूचं अंग गरम होतं. तिला तापात सोडून मी आजवर गल्लीच्या टोकालाही गेले नव्हते. नसीम भाभींनी तिला माझ्या कडेवरून ओढूनच घेतली.

"जा तू. ताप माझ्या घरात बी उतरते. जा!"

जीपला माणसं भरेपर्यंत उशीर, मग खचलेल्या जागी सगळ्यांनी उतरून चालायचं, मग पुन्हा भरायचं. चिखलदऱ्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढे बंद हॉटेलांवरून, 'रूम उपलब्ध' लिहिलेल्या पाट्यांवरून एकटी जीप गेली.

अंगणात पॅनेल होतं. तोंड पूर्वेकडे, पाठ उन्हाकडे, आणि त्यावर सागाची ताटाएवढी वाळलेली पानं. वाऱ्यानं एक उडालं, दोन राहिली. दार उघडंच होतं.

बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेले होते. एक पाय नको त्या दिशेला वळलेला. बादली त्यांनी ओढत ओढत हाताशी आणलेली दिसत होती. तिच्या तळाशी थोडं पाणी होतं. ओठ फुटले होते. पण डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांनी मला ओळखलं. मी खाली बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या पदरानं त्यांचे ओठ टिपायला लागले.

तेवढ्यात समोरच्या खोलीत सेटमधून सुलभाताईंचा आवाज आला. चहाची वेळ झाली होती. एकेकाचं नाव, एकेकाची ओ. मग त्यांनी म्हटलं, "काळमेघसाहेब?"

बाबांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

आणि खोलीतून बाबा बोलले, खणखणीत. "सगळं ठीक, सुलभाबाई. ऊन चांगलं आहे. बॅटरी ठीक. सगळ्यांना फाइव्ह-नाइन."

माझ्या मांडीवरचं डोकं त्या आवाजाच्या दिशेनं वळलं नाही. त्यांना सवय झाली होती. हे मला अजून सहन होत नाही.

मी धावत जाऊन डब्याची वायर उपटली, मायक्रोफोन सरळ सेटला लावला आणि ओरडले, "ब्रेक! ब्रेक! मी केतकी, बाबांच्या घरून बोलतेय. ते पडलेत. कधीचे पडलेत. अॅम्ब्युलन्स पाठवा!"

सिग्नल एवढा क्षीण होता की मला वाटलं कुणाला गेलाच नाही. मग सुलभाताई किंचाळल्या, "सगळे गप! नेट बंद! कोणी बोलू नका!"

सगळे गप्प झाले नाहीत. तिकडून कुणीतरी आपलं नाव सांगून म्हणालं, इकडे सगळं ठीक. मग आणखी एक जण. आणखी एक. आनंदी, निवांत आवाज. सुलभाताई ओरडत होत्या आणि ते ठीक होते, ठीक होते.

अॅम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. जीपवाल्यानं आणि मी त्यांना दाराच्या फळीवर घेतलं. घाटात त्यांचा आवाज थोडा मोकळा झाला. मला कान जवळ न्यावा लागला.

"सुलभाबाई नाव घेत," ते म्हणाले. "मी ओ देत जाओ. माह्या आंधी डबाच देऊन टाके."

आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "चांगलं बोलते. माह्यापेक्षा चांगलं बोलते."

ते त्यांचं शेवटचं नीट वाक्य. परतवाड्याच्या दवाखान्यात मूत्रपिंडं आधी गेली, मग छाती भरली. हर्षल वेळेवर पोचला, पण बाबा बोलण्याच्या पलीकडे गेले होते. तो त्यांच्या उशाशी बसून 'बाबा, मी आलो' एवढंच म्हणत राहिला. मिहूचा ताप त्याच दरम्यान कधीतरी उतरला. माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यांचं तेरावं झाल्यावर आम्ही वरचं घर आवरायला गेलो. मी पॅनेल पुसून घडी केलं. आत गेले तर हर्षल डबा मांडीवर घेऊन बसला होता, त्याला बॅटरी जोडून.

"काय करतोस?"

"काही नाही." मग म्हणाला, "ह्यात त्यांचं हसू आहे, केतकी. मी नाव घेतलं की 'बोल रे' म्हणतात."

"ते म्हणत नाहीत."

"माहीत आहे मला."

"मग बंद कर."

"तू कर," त्यानं डबा माझ्याकडे धरला. "तुला जमत असेल तर तू कर."

मी हात पुढे केला नाही. तो डबा यार्डात घेऊन गेला. आम्ही रोज फोनवर बोलतो; मिहूबद्दल, विजेबद्दल. पण अलीकडे तो 'सगळं ठीक' म्हणाला की मी गप्प होते, आणि मी गप्प झाले की तोही गप्प होतो. हे आमचं आम्ही पाहू. त्यासाठी मी लिहायला बसले नाही.

त्या दिवशी नेटवर बोलत राहिलेले आवाज मी विसरू शकले नाही. आता मी मिहूला नसीम भाभींकडे ठेवून रोज सगळ्यांचे काटे बघते. वेड लागलंय म्हणा हवं तर. बहुतेकांचे नीट आहेत. ज्यांचे उतरले होते आणि जे जवळपास राहत होते त्यांच्याकडे सुलभाताईंनी माणसं पाठवली. ती माणसं शिव्या खाऊन परत आली, आणि आम्ही दोघी हसलो.

एक राहिल्या आहेत. कोकणातल्या अंजनवेलच्या खातूबाई. आमच्या नेटवरच्या सगळ्यांत लांबच्या. दीपगृहाच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला एकट्या राहतात. नवरा जहाजावर रेडिओ ऑफिसर होता, सेट त्याचाच. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आवाज तेवढा माहीत आहे, जरा किनरा, वाक्याच्या शेवटी 'हां' म्हणणारा. गेले काही दिवस त्यांचा सकाळचा काटा नीट असतो. दुपारचा उतरतो आहे.

कदाचित वर ढग येत असतील. कदाचित आंब्याची सावली असेल. मी त्यांना खूप प्रश्न विचारले आणि त्यांनी सगळ्यांची छान उत्तरं दिली. म्हणूनच मला भीती वाटते.

मी नेटवर विचारलं, अंजनवेलच्या जवळ कोण आहे? गुहागर, दाभोळ, कुणीही? एकामागून एक उत्तरं आली. इकडे सगळं ठीक आहे. ऊन चांगलं आहे. बॅटरी ठीक. सुलभाताई शेवटी म्हणाल्या, "केतकी, हवेत कोणी नाही वं, नुसते डबे. कागदावर लिही. कागद माणूसच वाचते."

म्हणून हे लिहिलं. अंजनवेलच्या बाजूला राहत असाल, किंवा तिथलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर खातूबाईंकडे जाऊन या. आज जा. बाहेरून हाक मारून, ओ आली म्हणून परत फिरू नका. फाटक ढकला, आत जा, त्यांना डोळ्यांनी बघा. त्या तुमच्यावर खेकसतील, न विचारता आत कसे शिरलात म्हणून. दोन शब्द ऐकून घ्या. माझं नाव सांगा, परतवाड्याच्या केतकीनं पाठवलं म्हणून सांगा, म्हणजे राहिलेलं त्या मला बोलतील. मी रोज दुपारी सेटपाशी बसलेली असते.